अंडरवुडचे बळी पावसाचे की हाताचे?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. इंग्लंडमधल्या केंट काउंटीचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्ह्याचा व्यावसायिक संघ) डावखुरा गोलंदाज डेरेक अंडरवुड याला खरोखर फिरकी गोलंदाज म्हणावे का, की त्या काळच्या उघड्या, पावसात भिजणाऱ्या खेळपट्ट्यांनी त्याला मोठे केले, हा पहिला भाग. दुसरा आपल्या सतरा वर्षांच्या मुलाविषयी आहे. तोही डावखुरी फिरकी टाकतो, आणि त्याने या गोलंदाजाच्या कारकिर्दीतून काही घ्यावे की तो काळच संपला म्हणून सोडून द्यावे, असे आपण विचारले आहे. मी स्वतः डावखुरी फिरकी टाकत मुंबईच्या कांगा लीग या पावसाळी स्पर्धेत बावीस पावसाळे काढले, मध्ये दोन उन्हाळे केंटमध्ये क्लब क्रिकेट खेळलो आणि पंचवीसहून अधिक वर्षे मुलांना हीच गोलंदाजी शिकवत आलो आहे. त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. पावसाने अंडरवुडला काही सामने दिले, पण कारकीर्द त्याने कोरड्या दिवसांत, फलंदाजाला धाव न देता टाकलेल्या हजारो षटकांतून घडवली. आपल्या मुलाने घ्यायचे ते तिथूनच.

प्रथम आकडे समोर ठेवू. 8 जून 1945 रोजी ब्रॉम्ली येथे जन्मलेला हा मुलगा 1963 साली केंटकडून खेळू लागला तेव्हा त्याला अठरा वर्षे पूर्णही झाली नव्हती, आणि त्या पहिल्याच हंगामात त्याने शंभर बळींचा टप्पा ओलांडला. पदार्पणाच्या हंगामात इतक्या लहान वयात हे कोणी केले नव्हते. 1966 मध्ये त्याने 157 बळी घेतले. पंचविसाव्या वर्षी त्याचे एक हजार प्रथम श्रेणी बळी पूर्ण झाले होते. त्याच्याहून लहान वयात तिथवर पोहोचलेले दोघेच, विल्फ्रेड ऱ्होड्स आणि जॉर्ज लोहमन. 1987 मध्ये तो थांबला तेव्हा 676 प्रथम श्रेणी सामन्यांत 2465 बळी, 20.28 ची सरासरी, असा हिशेब झाला होता. त्यांतले 1951 बळी एकट्या केंटसाठी होते. इंग्लंडसाठी 86 कसोटींत 297 बळी मिळाले, सरासरी 25.83. मला मात्र या सगळ्यांहून महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. कसोटीत त्याने 21,862 चेंडू टाकले आणि षटकामागे जेमतेम 2.1 धावा दिल्या. ओल्या खेळपट्टीवरची एखादी दुपार बळींच्या रकान्यात आठ-नऊ बळी घालू शकते, पण साडेतीन हजारांहून अधिक षटके षटकामागे दोन धावांवर धरून ठेवणे तिच्या हातात नसते.

आता पावसाकडे वळतो, कारण पावसाचे देणे काहीच नव्हते असे म्हणणेही चूक होईल. त्या काळी काउंटी सामना तीन दिवसांचा असे, आणि सामना सुरू झाल्यावर पाऊस आला तर गोलंदाजाचे पाऊल पडते ती टोके झाकत व मधली पट्टी बहुधा भिजू देत. पाहणाऱ्यांचा समज असा असतो की, खेळपट्टी ओली झाली की फिरकी गोलंदाजाची चंगळ. प्रत्यक्षात पाऊस पडून गेल्यावर पहिला तास-दीड तास फलंदाजाचाच असतो. वर पाणी असते, चेंडू मातीला धरत नाही, नुसता घसरत संथ येतो, आणि गोलंदाजाच्या बोटांत तो साबणाच्या वडीसारखा निसटतो. खरी वेळ येते ती ऊन पडून खेळपट्टी वाळू लागल्यावर. वरचा पापुद्रा सुकतो, खालची माती मऊच राहते. चेंडू तो पापुद्रा फोडून आत रुततो आणि मग एक चेंडू छातीपर्यंत उसळतो, तर त्याच टप्प्यावरचा पुढचा घोट्याशी राहतो. कांगा लीगमध्ये क्रॉस मैदानावर, ऑगस्टच्या दुपारी, चेंडू पडल्या जागेवरून रुपयाएवढी खपली उडताना मी शेकडो वेळा पाहिली आहे. ती खपली उडाली की यष्टीरक्षक दोन पावले मागे जावे की नाही या विचारात पडतो आणि फलंदाजाची बॅट आपोआप घट्ट धरली जाते.

याच वेळी बहुतेक फिरकी गोलंदाज सामना घालवतात. खेळपट्टी एवढी मदत करते आहे म्हटल्यावर ते चेंडूला आणखी वळण देऊ पाहतात, उंची देतात, आणि चेंडू एवढा फिरतो की बॅट, यष्टी, यष्टीरक्षक या सगळ्यांना चुकवून निघून जातो. टाळ्या पडतात, बळी मिळत नाही. चेंडू जोरात, ऑफ स्टम्पच्या रोखाने आणि फलंदाजाला पुढे यावे की मागे जावे हे कळणार नाही अशा टप्प्यावर पडला, तर वळण फक्त बॅटच्या कडेपुरते मिळते, आणि तेवढेच हवे असते. अंडरवुडची नैसर्गिक गोलंदाजी नेमकी अशी होती. मध्यमगतीच्या जवळ जाणारा वेग, बोटांनी कापून टाकलेला चेंडू, आणि टप्प्यात चूक जवळपास नाही. म्हणजे पाऊस सगळ्यांसाठी सारखाच पडत होता, पण त्या पावसाचा हिशेब चुकता करायला लागणारी गोलंदाजी त्याच्याकडे आधीपासून तयार होती.

त्याच्या पावसाळी सामन्यांपैकी 27 ऑगस्ट 1968 चा ओव्हल कसोटीतला शेवटचा दिवस सर्वांना ठाऊक असतो, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ऑस्ट्रेलियापुढे 352 धावांचे लक्ष्य होते आणि जेवणाच्या सुमारास त्यांचे पाच गडी बाद झाले होते. मग वादळी पाऊस आला, मैदानाचे तळे झाले, आणि ऊन पडल्यावर प्रेक्षकांनीही मैदानसेवकांबरोबर पाणी उपसले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सव्वा तास उरला होता. या सव्वा तासाच्या पहिल्या टप्प्यात अंडरवुडला काहीच मिळाले नाही. जॉन इन्व्हरॅरिटी आणि बॅरी जार्मन यांची जोडी टिकून राहिली. खेळपट्टी अजून घसरडी होती, म्हणजे वर सांगितलेला फलंदाजाचा तास चालू होता. जोडी फोडली ती बदली म्हणून चेंडू हाती दिलेल्या बॅसिल डॉलिव्हेराने. तोवर माती चिकट होऊ लागली होती, अंडरवुडला पुन्हा बोलावले, आणि त्याने 27 चेंडूंत शेवटचे चार गडी टिपले. शेवटचा बळी सलामीपासून उभ्या असलेल्या इन्व्हरॅरिटीचा होता. त्याने चेंडू पॅडवर घेतला, बॅट लावली नाही, आणि पंच चार्ली इलियटचे बोट वर गेले. घड्याळात जेमतेम पाच-सहा मिनिटे शिल्लक होती. आपण ज्या छायाचित्राचा उल्लेख केला आहे, ते याच क्षणाचे. इंग्लंडचे सगळे खेळाडू फलंदाजाभोवती कोंडाळे करून उभे आहेत आणि एकटा फलंदाज मध्ये. मी शिकवताना त्या छायाचित्राकडे बोट दाखवून मुलांना विचारतो की, इतके क्षेत्ररक्षक जवळ उभे करायला कर्णधाराचा गोलंदाजावर कशा बाबतीत विश्वास हवा. उत्तर वळणाबाबत असे येते. विश्वास टप्प्याबाबत हवा, कारण एक चेंडू आखूड पडला असता तर सिली पॉइंटवर उभ्या असलेल्याचा जबडा गेला असता.

1972 ची हेडिंग्लेची कसोटी वेगळ्या कारणाने गाजली. बुरशीने गवत गेलेल्या त्या खेळपट्टीवर त्याने ऑस्ट्रेलियाचे दहा बळी घेतले आणि सामना तीन दिवसांत संपला. 1974 मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानविरुद्ध आच्छादनाखाली पाणी झिरपले आणि त्याने दुसऱ्या डावात 51 धावांत आठ, सामन्यात 71 धावांत तेरा बळी घेतले. तरीही पुढच्या पावसाने तो सामना अनिर्णित राहिला. ज्याने दिले त्यानेच काढूनही घेतले. काउंटीत तर अशा दिवसांची रांग लागेल. हेस्टिंग्जच्या मैदानावर ससेक्सविरुद्ध 1964 मध्ये 28 धावांत नऊ आणि 1973 मध्ये 9 धावांत आठ बळी त्याने घेतले होते.

मग कोरड्या खेळपट्टीचा पुरावा कोणता? तो आपल्याच देशात आहे. अंडरवुड भारतात 16 कसोटी खेळला आणि त्याने 54 बळी घेतले. हिवाळ्यातल्या आपल्या मैदानांवर पाऊस नव्हता, उघडी खेळपट्टी नव्हती, आणि समोर फिरकी खेळत वाढलेले फलंदाज होते. 1976-77 च्या दौऱ्यात टोनी ग्रेगच्या संघाने मालिका 3-1 ने जिंकली. तिच्यातल्या पाच कसोटींत अंडरवुडचे 29 बळी होते. सुनील गावस्करला कसोटीत सर्वाधिक वेळा बाद करणारा गोलंदाज कोण, असे विचारले तर बहुतेक जण वेस्ट इंडिजचा एखादा वेगवान गोलंदाज सांगतात. तो मान अंडरवुडचा आहे, बारा वेळा. सरळ बॅटने, उशिरा आणि शरीराजवळ खेळणाऱ्या सलामीवीराला बारा वेळा बाद करणारा गोलंदाज केवळ चिखलावर जगणारा होता, असे मला कोणी पटवू शकणार नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 1971 मध्ये ओव्हलवर अजित वाडेकरच्या संघाने 173 धावांचा पाठलाग करून इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा अंडरवुड समोर होता. त्या डावात त्याने तीन बळी घेतले. अशोक मांकड, दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर, तिघेही मुंबईचे. पण भारताला तो रोखू शकला नाही. वाडेकर, सरदेसाई, विश्वनाथ आणि लँकेशायरकडून काउंटी खेळणारा फारुख इंजिनियर यांनी घाई न करता, एकेक धाव वेचत तो पाठलाग केला. चेंडू उंची घेत नाही, तर त्याला पुढे येऊन फटकावताही येत नाही, आणि घाई सोडून दिली तर गोलंदाजालाही वाट पाहावी लागते. याच सामन्यात भारताचा लेगस्पिनर चंद्रशेखर याने 38 धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला गुंडाळले होते. कोरड्या, टणक खेळपट्टीवर सामना एका सत्रात उलटवून टाकण्याची चंद्रशेखरची ताकद अंडरवुडकडे नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्याची ताकद दुसरी होती. तो एक टोक बंद करून टाकत असे.

फिरकी गोलंदाज म्हणावे का, याचे उत्तर देण्यासाठी मी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. 1985 च्या उन्हाळ्यात एका मोकळ्या दिवशी मी कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर गेलो. या मैदानाच्या सीमारेषेच्या आत तेव्हा लिंडेनचे जुने झाड उभे होते आणि त्याला चेंडू लागला तर चार धावा मिळत. मी साइटस्क्रीनच्या बाजूला, गोलंदाजाच्या हाताच्या जवळपास मागे जागा धरली. चाळिशीचा अंडरवुड गोलंदाजीला आला. पावलांचे चवडे बाहेरच्या बाजूला वळलेले, सपाट पडणारे पाऊल, आणि फिरकी गोलंदाजाच्या मानाने बरीच लांब धाव. त्या धावेत काही देखणे नव्हते. पण शेवटच्या दोन पावलांत उजवा खांदा फलंदाजाकडे वळायचा, डोके तसूभरही हलायचे नाही, आणि हात कानाच्या जवळून वर जायचा. यष्टीमागे ॲलन नॉट. त्या वेगाला नॉट यष्टींना खेटून उभा होता आणि पायाच्या बाजूने जाणारा चेंडूसुद्धा टाळीच्या आवाजाशिवाय हातमोज्यात घेत होता.

माझ्याकडे वही होती. मी प्रत्येक चेंडूचा टप्पा कागदावर एका ठिपक्याने मांडत गेलो. सहा-सात षटके झाल्यावर ठिपके एकमेकांवर पडू लागले आणि पेन्सिलीने कागद काळा झाला. मला मांडायला जागाच राहिली नाही. मग मी ठिपके सोडून वेगाकडे पाहू लागलो. वेग मात्र एकसारखा नव्हता. टप्पा तोच, पण एखादा चेंडू किंचित उशिरा येई, एखादा हाताबरोबर आत जाई. मनगट वा बोटांत काही वेगळे दिसत नव्हते. फलंदाज त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या षटकात कंटाळून आडवी बॅट फिरवू लागला आणि पायचीत झाला. त्या दिवशी खेळपट्टी कोरडी ठणठणीत होती.

त्याला फिरकी गोलंदाज म्हणावे, असे मी यावरून म्हणतो. बिशनसिंग बेदीसारखी उंचीची, चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर नेऊन खाली आणणारी गोलंदाजी त्याची नव्हती. बेदीही 1972 पासून सहा हंगाम नॉर्दम्प्टनशायरकडून काउंटी खेळला, आणि दोघेही डावखुरे असल्याने तुलना होतच राहिली. मी जन्मभर बेदीसारखी गोलंदाजी टाकू पाहिली आणि सौंदर्याचा प्रश्न असेल तर आजही बेदीच्या बाजूने उभा राहीन. परंतु चेंडूला बोटांनी फिरवणे आणि बोटांनी कापणे यांत फरक अंशाचा आहे, जातीचा नाही. दोन्हींत तर्जनी शिवणीवर ओढली जाते. अंडरवुड वेग जास्त ठेवी म्हणून त्याला फिरायला वेळ कमी मिळे, एवढेच.

आता काउंटी या व्यवस्थेविषयी, कारण तिच्याशिवाय हा गोलंदाज घडलाच नसता. त्याच्या सुरुवातीच्या काळात काउंटी अजिंक्यपदाचे एका संघाला हंगामात 28 सामने असत. 1969 पासून रविवारी चाळीस षटकांची लीग सुरू झाली. शनिवारी सामना सुरू करायचा, रविवारी मोटारीने दुसऱ्या गावी जाऊन चाळीस षटकांचा सामना खेळायचा, सोमवारी परत येऊन पहिला सामना पुढे चालवायचा, असा क्रम असे. केंट तर एका मैदानावर बसणारा संघ नव्हता. कँटरबरीखेरीज टनब्रिज वेल्स, मेडस्टन, फोकस्टन, डोव्हर अशा गावांत त्यांचे सामने होत, आणि प्रत्येक गावाची माती वेगळी, उतार वेगळा, समुद्राकडून येणारा वारा वेगळा. अठरा वर्षांच्या मुलाला एका उन्हाळ्यात एवढ्या खेळपट्ट्यांवर, रोजच्या रोज, मोठ्या फलंदाजांसमोर चेंडू टाकायला मिळणे हे शिक्षण कोणतीही अकादमी देऊ शकत नाही. त्या चाळीस षटकांच्या क्रिकेटलाही मी दोष देणार नाही. मर्यादित षटकांच्या सामन्यांत त्याने 572 बळी घेतले आणि 1967 ते 1978 या काळात केंटने जिंकलेल्या चषकांमागे त्याचा हात होता. अजिंक्यपदही 1970 मध्ये 57 वर्षांनी केंटकडे आले, पुढे 1977 मध्ये मिडलसेक्सबरोबर विभागून आणि 1978 मध्ये एकट्याने.

या जीवनाची आर्थिक बाजू आपण विचारली नाही, तरी पालक म्हणून आपल्याला ती माहीत असावी. त्या काळी काउंटी खेळाडूचा पगार प्रामुख्याने एप्रिल ते सप्टेंबरच्या हंगामाचा असे आणि हिवाळ्यात बरेच जण दुसरी कामे करत. दहाएक वर्षे सेवा झाल्यावर काउंटी खेळाडूला लाभाचा हंगाम देई, म्हणजे त्या वर्षी त्याच्यासाठी निधी गोळा केला जाई. अंडरवुडला तो 1975 मध्ये मिळाला. घर घेण्याइतकी रक्कम बहुतेकांच्या हाती आयुष्यात एवढ्या एकाच वेळी येई. हे लक्षात घेतले की 1977 मध्ये केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीच्या, चांगले पैसे देणाऱ्या खासगी मालिकेत तो का गेला हे समजते. केंटमधून नॉट, बॉब वुल्मर आणि असिफ इक्बालही गेले. पॅकरमुळे इंग्लंडच्या संघाबाहेर राहिलेल्या 1978 आणि 1979 या उन्हाळ्यांत त्याने केंटसाठी दोन्ही वेळा शंभराहून अधिक बळी घेतले, हेही नोंदवायला हवे. पुढे फेब्रुवारी 1982 मध्ये कोलंबोला श्रीलंकेच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याने 28 धावांत पाच बळी घेतले आणि पुढच्याच महिन्यात तो बहिष्कृत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. तीन वर्षांची बंदी आली आणि कसोटी कारकीर्द 297 बळींवर संपली. वर्णभेदी राजवटीच्या देशात खेळायला जाणे चूक होते, असे मी तेव्हाही मानले आणि आजही मानतो. ज्या डॉलिव्हेराने ओव्हलवर त्याच्यासाठी जोडी फोडली, त्याच, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या गौरेतर डॉलिव्हेराला संघात घेतले म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने 1968-69 चा इंग्लंडचा दौरा होऊ दिला नव्हता. हे अंडरवुडला सर्वांहून जवळून ठाऊक होते.

1981 पासून काउंटी सामन्यांत खेळपट्ट्या पूर्ण झाकण्यात येऊ लागल्या. पावसाचा गोलंदाज असता तर त्याची कारकीर्द तिथे आटोपायला हवी होती. तो त्यानंतर सात हंगाम खेळला. त्यांतच 1984 मध्ये, त्याच हेस्टिंग्जच्या मैदानावर, नाइट वॉचमन म्हणून (दिवसअखेरीस मुख्य फलंदाजाला वाचवण्यासाठी पुढे पाठवलेला) आलेल्या अंडरवुडने 111 धावा करून प्रथम श्रेणीतले एकमेव शतक ठोकले. तोवर तो सुमारे 590 सामने खेळला होता. फलंदाजीचे हे शतक मी मुद्दाम सांगतो, कारण एकच गोष्ट न कंटाळता करत राहण्याचा त्याचा स्वभाव तिथेही तोच होता.

आजचे चित्र पाहिले तर मन खिन्न होते. अजिंक्यपदाचे चौदाच सामने उरले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे एप्रिल-मे व सप्टेंबरमध्ये, थंड, दमट हवेत, हिरव्या खेळपट्ट्यांवर होतात. जून ते ऑगस्टचा वाळलेला काळ वीस षटकांच्या आणि शंभर चेंडूंच्या स्पर्धांनी व्यापला आहे. चार जलदगती गोलंदाज खेळवून फिरकीवाल्याला बाराव्या खेळाडूचे काम द्यायचे, अशी रीत पडली आहे. सोमरसेटने टाँटनला फिरत्या खेळपट्ट्या केल्या म्हणून जॅक लीच पुढे आला. एसेक्सचा दक्षिण आफ्रिकेहून आलेला ऑफ स्पिनर सायमन हार्मर याने 2017 मध्ये 72 आणि 2019 मध्ये 83 बळी घेऊन संघाला दोन्ही वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. म्हणजे फिरकी तिथे चालत नाही हे खरे नाही, तिला षटके मिळत नाहीत. 2024 च्या सुरुवातीला इंग्लंडने विशाखापट्टणमला शोएब बशीर या वीस वर्षांच्या मुलाला कसोटीत उतरवले तेव्हा त्याच्या नावावर सहा प्रथम श्रेणी सामने होते. त्या वयात अंडरवुडचे तीन पूर्ण हंगाम झाले होते. बशीरच्या हाताला मी नावे ठेवत नाही, त्याने त्याच दौऱ्यात डावात पाच बळी दोनदा घेतले. पण एरवी काउंटीच्या पोटात मुकाट्याने होणाऱ्या चुका त्याला सगळ्या जगासमोर कराव्या लागल्या.

वानखेडेवरचा 2012 चा भारत-इंग्लंड कसोटी सामना आपण मुलाला नक्की दाखवा. मॉन्टी पानेसार या नॉर्दम्प्टनशायरमध्ये घडलेल्या डावखुऱ्याने त्यात अकरा आणि ग्रॅम स्वानने आठ बळी घेतले. भारताच्या वीस बळींपैकी एकोणीस काउंटीच्या दोन फिरकी गोलंदाजांनी, आपल्या लाल मातीवर, आपल्या फलंदाजांचे घेतले. पानेसारचा वेग पाहा. आमच्या फिरकीवाल्यांपेक्षा तो जोरात टाकत होता, टप्पा सोडत नव्हता, आणि उसळी व वळण मातीकडून घेत होता. अंडरवुडच्या गोलंदाजीच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मी अलीकडच्या काळात पाहिले ते हेच.

मुलाने काय करावे, याविषयी माझे सांगणे थोडके आहे. अंडरवुडची पकड किंवा धाव उचलू नका. त्याचे शरीर वेगळे होते, तो मध्यमगतीकडून फिरकीकडे आला होता. मुलाचे बोट चेंडूला नैसर्गिक फिरत देत असेल तर ती फिरत आधी जपा. घ्यायचे ते टप्प्याचे मोजमाप. मी मुलांच्या सरावाच्या खेळपट्टीवर चुन्याने चौकट आखत नाही, कारण मग मुलगा चौकटीकडे पाहतो, फलंदाजाकडे पाहत नाही. त्याऐवजी दुसऱ्या मुलाच्या हाती वही देतो आणि ठिपके मांडायला लावतो. साठ चेंडू झाल्यावर वही दोघांनी मिळून पाहायची. एवढ्यावर दोन वर्षांत फरक पडतो. सतराव्या वर्षी आठवड्याला सहाशे चेंडू पुरेत, खांदा अजून भरायचा आहे. पण ते सहाशे चुकवू नयेत, आणि त्यांतले निदान शंभर दमल्यावर टाकावेत, कारण तिसऱ्या सत्रातला टप्पा ताज्या खांद्यावर शिकता येत नाही. वेग बदलायचा तो हाताच्या गतीने, धाव हळू करून नव्हे. धाव हळू झालेली फलंदाजाला आधी कळते.

आणि त्याला कांगा लीग खेळू द्या. अंडरवुड ज्या भिजलेल्या पट्ट्यांवर शिकला, तशी माती आता इंग्लंडच्या काउंटीत उरलेली नाही, पण जुलै ते सप्टेंबर आपल्या मैदानांवर ती अजून मिळते. नाणेफेकीआधी खेळपट्टी पाहायला गेला की अंगठा टप्प्याच्या जागी दाबून पाहायला सांगा. अंगठ्याला पाणी लागले तर अजून तासभर फलंदाजाचा आहे, तोवर भुसा आणि फडके जवळ ठेवून धावा रोखायच्या. अंगठा कोरडा आला पण जागेवर वळ उमटला, तर कर्णधाराकडे जाऊन चेंडू मागायचा, वेग थोडा वाढवायचा आणि स्लिप व शॉर्ट लेग जवळ बोलवायचे.